गिऱ्हाइकांना मी इथवरच सांगतो

खसबला डोंगर सरळ पाण्यात उतरतात,
पाय टेकायला वाळूसुद्धा ठेवत नाहीत.
त्यांच्या सावलीत आमचं गलबत उभं राहतं.
राशिद सुकाणूवर. इथे त्याला नोखदा म्हणतात,
आमच्या मालवणात नाखवा.
शब्दाला दोन्ही किनारे आधीपासून ठाऊक.

मी गिऱ्हाइकांना वरच सांगून ठेवतो,
खाली फक्त बोट दाखवता येतं:
तो पिवळट धोंडा म्हणजे जिवंत पोवळं,
वर्षाला बोटाच्या पेराएवढंही वाढत नाही.
त्यात एक वाकडी चीर दिसेल.
जवळ जा, पण सावली पडू देऊ नका, मिटते.
चिरेला निळी कड, कडेवर लाल ठिपके,
ठिपका म्हणजे डोळा.
एका बाईने मोजायला घेतले,
वर येऊन धापा टाकत म्हणाली, तेवीस,
आणि ही एकच बाजू.

तो शिंपला आहे.
राईच्या दाण्याहून बारीक होता तेव्हा वाहत आला,
चार धागे टाकून बसला.
पोवळ्याने त्याला बोलावलं नव्हतं, हाकललंही नाही,
भोवतीनं वाढत राहिलं,
जसं ते कशाच्याही भोवतीनं वाढतं.
आता त्याला दार आहे,
पण तो मावेल एवढं नाही.
त्याचे भाऊबंद टाळ्या वाजवल्यासारखे
शिंपा आपटत पोहतात.
हा एकदाही पोहला नाही.

मग कुणीतरी विचारतंच, मोती असतो का?
नाही, म्हणतो मी. म्हणून तर शिल्लक आहे.
सगळे हसतात. चहा येतो.

इथवर सांगतो.

ऑगस्टचं पाणी होतं, बंबातून काढल्यासारखं.
वारा फिरला, राशिद ओरडला, टाक.
मी टाकला.
आमच्या भाषेत नांगर शेतात चालतो
आणि समुद्रात पडतो.
त्या दिवशी त्यानं दोन्ही केलं.

खाली गेलो तर धोंड्याचा कोपरा उलटा पडलेला,
आतून पांढरा, नुकत्या फोडलेल्या नारळासारखा,
आणि शिंपला उघड्यावर.
एवढा वेडावाकडा असेल असं वाटलं नव्हतं.
एक शिंप जाड, एक पापुद्रा,
कडा जागा मिळेल तशा वळलेल्या.
त्याला स्वतःचा आकारच नव्हता,
किंवा हाच होता.
डोळे सगळे उघडे.

दुसऱ्या एका चिरेत बसवून पाहिला.
मग तिसऱ्या.
हातानं दाबून धरला, दम होता तोवर.
श्वास घेऊन परत गेलो
तर एक हिरवा मासा तिथून निघाला होता, सावकाश,
जेवून उठल्यासारखा.

वरून राशिदनं विचारलं, कुल्लू तमाम?
तमाम, म्हटलं.
रात्री बहिणीचा फोन, सुगंधाचा,
अकरा वर्षांत दर फोनला विचारते तेच:
तुका थंय बरा वाटता मां?
मी म्हटलं, आज गरम होतं.

पुढच्या पगारात निळं पिंप घेतलं, साखळी घेतली,
धोंड्यापासून लांब, नुसत्या वाळूत
सिमेंटचा ठोकळा पुरला.
राशिदला म्हटलं, दोरी बांधणं सोपं पडेल.
बरं, म्हणाला.
त्यानं काही विचारलं नाही.
त्याला कळलं नसेल, असंही नाही.

खोबण अजून आहे, त्याच्याच मापाची.
कडेनं पोवळं पुन्हा चढतंय.
हल्ली त्यात एक बोटभर मासा राहतो,
शेपटीकडून आत शिरतो, तोंड बाहेर काढून बसतो,
वाटलं की निघून जातो.
गिऱ्हाइकं त्याचे फोटो काढतात.
मी बोट दाखवतो,
आणि सवयीनं सावली आवरून धरतो.